उतारावरची उडी: एका युक्तीची कुळकथा

'स्टारसीज: ट्राइब्स' या खेळात पाठीवर जेटपॅक असतो, हातात निळी झळाळती चकती फेकणारी बंदूक असते आणि समोर दूरवर पसरलेल्या टेकड्या. नवा माणूस खेळायला बसला की पहिल्यांदा जेटपॅकचं बटण दाबतो. वर जातो, ऊर्जा संपते, धपकन खाली येतो आणि मग पायी धावत सुटतो. तेवढ्यात शेजारून कुणीतरी वाऱ्यासारखा निघून जातो. जेटपॅक दोघांचाही सारखाच असतो. फरक एवढाच, की तो दुसरा गडी उताराला पाय लावतो न लावतो तोच पुन्हा उसळतो, आणि टेकडीगणिक त्याचा वेग वाढत जातो.

खेळाडूंनी या प्रकाराला 'स्कीइंग' म्हटलं. तो निर्मात्यांनी आखलेला नव्हता, खेळणाऱ्यांनी शोधून काढला. पुढे त्यानेच त्या खेळाची ओळख ठरवली. संगणकावरच्या खेळांच्या इतिहासात मला याहून सुंदर शोध दुसरा दिसत नाही, म्हणून त्याची कुळकथा सांगायची आहे.

जेटपॅकची कल्पना कागदावर जन्मली. १९२० आणि ३०च्या दशकांतल्या अमेरिकी विज्ञानकथांच्या मासिकांत पाठीला यंत्र लावून उडणारी माणसं दिसू लागली. १९४९ सालच्या 'किंग ऑफ द रॉकेट मेन' या चित्रपटमालिकेत चामड्याचं जाकीट आणि धातूचं शिरस्त्राण घातलेला नायक पडद्यावर उडाला. पण 'ट्राइब्स'च्या सर्वांत जवळचा पूर्वज मला वाटतो तो रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' या कादंबरीत. त्यातले सैनिक यांत्रिक चिलखत घालतात आणि लांबच लांब उड्या मारत मुलूख पार करतात. ते पक्ष्यासारखे तरंगत नाहीत, जमिनीला टेकतात आणि पुन्हा झेप घेतात. ही चाल लक्षात ठेवावी अशी आहे.

खरं यंत्र आलं ते १९६१ साली. बेल एरोसिस्टिम्स कंपनीत वेंडेल मूर या अभियंत्याने 'रॉकेट बेल्ट' तयार केला. अमेरिकी लष्कराचा त्याला पैसा होता. २० एप्रिल १९६१ रोजी हॅरल्ड ग्रॅहम याने दोराचा आधार न घेता त्याचं पहिलं मोकळं उड्डाण केलं. तो १३ सेकंद हवेत होता आणि ११२ फूट, म्हणजे सुमारे ३४ मीटर अंतर गेला. त्यात आग नव्हती. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड चांदीच्या जाळीवरून जाताना त्याचं विघटन होऊन तापलेली वाफ आणि ऑक्सिजन तयार होई, आणि तो झोत माणसाला उचले. इंधन संपायला जेमतेम २१ सेकंद लागत. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात बिल सूटर असाच पट्टा बांधून स्टेडियमवर उतरला तेव्हा जगाने तो डोळे भरून पाहिला, पण लष्कराने त्याचा नाद केव्हाच सोडला होता. २१ सेकंदांत कुठलं युद्ध होणार?

जेटपॅकचं हे मूळ दुखणं आहे: उचलण्याची ताकद भरपूर, पुरवठा तुटपुंजा. खेळ रचणाऱ्यांनी सुरुवातीला त्याकडे सरळ काणाडोळा केला. १९८३ साली इंग्लंडमधल्या 'अल्टिमेट प्ले द गेम' या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी 'जेटपॅक' नावाचा खेळ काढला. त्यातला जेटमॅन रॉकेटचे तुकडे जुळवतो, इंधनाचे डबे गोळा करतो, येणाऱ्या शत्रूंवर मारा करतो. इंधन लागतं ते रॉकेटला, त्याच्या स्वतःच्या पाठीवरचं यंत्र मात्र कधी थकत नाही. १९९६च्या 'ड्यूक न्यूकेम ३डी'मध्ये जेटपॅकला इंधनाची मर्यादा आली, पण तिथे तो क्वचित सापडणारी चीज होता. उंचावरच्या खिडकीत किंवा लपवलेल्या खोलीत पोचायला वापरायचा आणि ठेवून द्यायचा.

जेटपॅक प्रत्येक सैनिकाचा रोजचा पोशाख करायचा, आणि त्याची ऊर्जा सतत संपत-भरत ठेवायची, ही मांडणी 'ट्राइब्स'ने केली. त्यात ऊर्जेची एकच पट्टी असते. उडण्यासाठी तीच वापरायची आणि लेझरसारखी काही हत्यारंही तीच पितात. काही क्षण उडलं की पट्टी रिकामी, बटण सोडलं की ती हळूहळू भरते. बेलच्या अभियंत्यांना जी मर्यादा नडली, ती इथे खेळाचा कणा झाली. आकाश थोडकंच मिळतं म्हटल्यावर माणूस जमिनीकडे निरखून बघायला लागतो.

ती जमीनही त्या काळात नवलाची होती. 'ट्राइब्स' १९९८च्या अखेरीस आला. तेव्हाचे बहुतेक गाजलेले नेमबाजीचे खेळ खोल्या, बोळ आणि भुयारं यांतले. त्यांची इंजिनं भिंतींनी बंदिस्त जागा झपाट्याने रेखाटण्यासाठी घडवलेली होती. 'ट्राइब्स' बनवणारी डायनॅमिक्स ही ओरेगन राज्यातल्या यूजीन गावची कंपनी. जेफ टनेल आणि डेमन स्लाय यांनी ती १९८४ साली सुरू केली, १९९० साली ती सिएरा कंपनीच्या मालकीची झाली. डायनॅमिक्सचा पिंड विमानांच्या खेळांचा. पुढे 'अर्थसीज' मालिकेत तिने अवाढव्य यंत्रमानव माळरानावर चालवले. मोकळं आकाश आणि चढउताराची भूमी रेखाटायची सवय त्या घराला आधीपासून होती. 'अर्थसीज'च्याच विश्वातली पुढची गोष्ट म्हणून 'स्टारसीज' आणि 'ट्राइब्स' एकाच इंजिनावर तयार झाले. एकात यंत्रमानवात बसायचं, दुसऱ्यात चिलखत घालून स्वतः उतरायचं. सगळ्या मैदानाची उंची चौकटींच्या जाळीवर नोंदलेली, त्यामुळे टेकड्यांचे उतार लांब आणि सलग. उडणारा सैनिक आणि सलग उतार यांची गाठ पडली ती अशी.

'ट्राइब्स'मध्ये एकट्याने खेळायची कथा जवळजवळ नव्हतीच. सराव झाला की थेट इंटरनेटवर जायचं. ब्लड ईगल, डायमंड सोर्ड, स्टारवुल्फ, चिल्ड्रन ऑफ द फीनिक्स अशा टोळ्या, दोन तळ, दोन झेंडे. समोरच्याचा झेंडा उचलून आपल्या तळावर आणायचा. एका सामन्यात १२८ खेळाडूंपर्यंत सोय होती, आणि हे सगळं टेलिफोनच्या तारेवरच्या मोडेमवर. मार्क फ्रोनमायर आणि टिम गिफ्ट यांनी २००० सालच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याची रीत मांडली. सगळी माहिती सारख्याच खात्रीने पाठवायची गरज नाही, हा तिचा गाभा. खेळाडूचं ठिकाण सांगणारा निरोप हरवला तर तोच पुन्हा धाडण्यात अर्थ नसतो, कारण तोवर तो पुढे गेलेला असतो. ताजं ठिकाण पाठवायचं. झेंडा उचलला गेला, हा निरोप मात्र पोचलाच पाहिजे. या रीतीचा वंश फार वाढला. २०१० सालच्या 'हेलो: रीच'च्या नेटवर्कची रचना समजावताना तिच्या कर्त्यांनी 'ट्राइब्स'चं ऋण उघडपणे मान्य केलं.

आता मुख्य गोष्टीकडे. खेळातला सैनिक दोन अवस्थांत असतो: पाय जमिनीवर किंवा हवेत. पाय जमिनीवर असले की धावण्याचा कमाल वेग लागू होतो आणि त्याहून जादा वेग झपाट्याने गळून जातो. हवेत असताना हा लगाम नाही. खेळाडूंच्या ध्यानात आलं, की उतारावर पाय टेकतो त्याच क्षणी उडीचं बटण दाबलं तर खेळ आपल्याला पुन्हा हवेत धरतो आणि लगाम लागतच नाही. टेकताना जमिनीत घुसू पाहणारा वेग तेवढा जातो, उताराच्या दिशेचा वेग शिल्लक राहतो. मग उतार संपेपर्यंत टेक-उडी, टेक-उडी करत राहायचं. उताराला समांतर उतरलात तर काहीच वाया जात नाही. सपाटीवर किंवा समोरच्या चढावर आदळलात तर वेग जातो आणि दुखापत होते ती वेगळीच.

घर्षण नसलेल्या ५० मीटर उंचीच्या उतारावरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग पायथ्याशी सेकंदाला सुमारे ३१ मीटर होतो, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर. हे शाळेतलंच गणित आहे, उंचीचं वेगात रूपांतर. स्कीइंगने खेळाच्या भूमीतलं घर्षण जवळजवळ पुसून टाकलं आणि प्रत्येक टेकडी ही साठवलेली ऊर्जा झाली. जेटपॅकचं कामही त्याबरोबर बदललं. चढावर जेटपॅक, माथ्यावर बटण सोडायचं, उतारावर उड्या, आणि खाली घसरेपर्यंत ऊर्जेची पट्टी पुन्हा भरलेली. झोपाळ्यावरच्या मुलाने नेमक्या क्षणी पाय मारावा तसं हे वेळेचं भान आहे. ताकद तीच, पण चुकीच्या क्षणी लावली तर झोका मरतो.

हे सोपं नव्हतं. हजारदा बटण दाबून बोटं दुखत. 'ट्राइब्स'मध्ये खेळाडूंना स्वतःच्या स्क्रिप्ट लिहिता येत, तेव्हा कुणी कुणी बटण दाबून धरलं की उड्या आपोआप होत राहतील अशा स्क्रिप्ट लिहिल्या आणि त्या हातोहात पसरल्या. त्या स्क्रिप्ट ही लबाडी होती असं मला मुळीच वाटत नाही. कसब बटण बडवण्यात नसून उतार निवडण्यात आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

उतार निवडणं ही पुढे स्वतंत्र विद्या झाली. झेंडा पळवणाऱ्याला 'कॅपर' म्हणतात. रेनडान्स, ब्रॉडसाइड, स्नोब्लाइंड यांसारख्या मैदानांवरचे त्याचे 'रूट' ठरलेले असत. कुठल्या टेकडीमागून सुरुवात करायची, कुठल्या घळीत घसरायचं, झेंडा उचलून कुठल्या उताराने घरी जायचं, सगळं पाठ. त्याला अडवायला झेंड्यावर जड चिलखताचा गडी उभा राहायचा, वाटेत सुरुंग पेरायचा. पाठलाग करणारे वेगळे. काहीजण स्वतःच्या पायाशीच चकती फोडून स्फोटाचा धक्का घेत आणि आयुष्याचा थोडा भाग देऊन वेग विकत घेत. चकती सावकाश जाते, म्हणून हवेतल्या शत्रूला मारायचं तर तो कुठे असेल ते आधी ओळखावं लागतं. असा नेम लागला की त्याला 'मिडएअर' म्हणायचं, आणि त्याचा आनंद खेळाडू वर्षानुवर्षं सांगतात. बोलायला ध्वनिमुद्रित हाका होत्या. त्यांतला 'शॅझबॉट' हा वैतागाचा उद्गार 'मॉर्क अँड मिंडी' या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतून आला आणि या खेळाचा होऊन बसला.

निर्मात्यांची कसोटी आता लागणार होती. आपण न आखलेली गोष्ट लोकांच्या हाडामांसात मुरली, तर काय करायचं? दोष म्हणून दुरुस्त करणं सोपं होतं. डायनॅमिक्सने तसं केलं नाही. मार्च २००१मध्ये आलेल्या 'ट्राइब्स २'मध्ये उडीचं बटण दाबून धरलं की उड्या आपसूक होत, म्हणजे खेळाडूंची स्क्रिप्ट खेळानेच पोटात घेतली. मात्र एकूण चाल मंदावली होती. जुने खेळाडू नाराज झाले आणि त्यांच्यातल्या जाणकारांनी 'क्लासिक' नावाचा बदल तयार करून जुना वेग परत आणला. हा सल डायनॅमिक्सला निवांत काढता आला नाही, कारण ऑगस्ट २००१मध्ये सिएराने कंपनीच बंद केली. टनेल, गिफ्ट, फ्रोनमायर आणि रिक ओव्हरमन यांनी त्याआधीच गॅरेजगेम्स सुरू केली होती. 'ट्राइब्स २'चं इंजिन तिथून 'टॉर्क' या नावाने छोट्या निर्मात्यांना परवडेल अशा किमतीत मिळू लागलं.

'ट्राइब्स: व्हेन्जन्स' २००४ साली इरॅशनल गेम्सने काढला आणि स्कीइंगला पहिल्यांदा स्वतःचं बटण मिळालं. उड्यांचं सोंग संपलं. बटण दाबलं की पायाखालचं घर्षण गेलं. २०१२च्या 'ट्राइब्स: असेंड'मध्ये हाय-रेझ स्टुडिओजने तेच ठेवलं आणि पडद्यावर वेगाचा आकडाही दाखवला. रूटची चर्चा मग ताशी किलोमीटरमध्ये होऊ लागली. 'फॉलन एम्पायर: लीजन्स' आणि 'मिडएअर' हे खेळ याच युक्तीवर उभे राहिले. दुसऱ्याचं तर नावच त्या हवेतल्या नेमावरून आहे. २०२४ साली 'ट्राइब्स ३: रायव्हल्स' आला, त्यातही स्कीइंग आहे.

स्वतंत्र बटणाने मूळ गंमत गेली, असं जुने खेळाडू म्हणतात. मला ते पटत नाही. बटण कितीही सोपं केलं तरी उतार वाचायला माणूसच लागतो. चुकीच्या टेकडीवरून निघालेल्याला कुठलंही बटण वाचवत नाही.

हा प्रकार पाहायचा असेल तर पहिल्या 'ट्राइब्स'मधल्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती शोधा. गोळीबाराकडे लक्ष देऊ नका. झेंडा पळवणाऱ्याची ऊर्जेची पट्टी पाहा: ती कुठल्या चढावर रिकामी होते आणि कुठल्या उतारावर भरते. दोन-तीन टेकड्यांत सगळी युक्ती कळेल.