काळी काच : एका आडोशाचा इतिहास

मराठीत 'काच' हा शब्द दोन लिंगांत वावरतो. 'ती' काच आरपार दाखवते. 'तो' काच, मग दोरीचा असो वा सासरचा, दिसत नाही, फक्त ज्याच्या-तिच्या कातडीला कळतो. वर्गात हा भेद सांगताना आम्ही आजवर जात्यावरच्या ओव्यांकडे वळत आलो. २०२५च्या मे महिन्यात मात्र तो आम्हांला आमच्याच मोटारीच्या मागच्या काचेपाशी, हातात साबणाचे पाणी असताना आठवला.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. 'एमएच ०८' या रत्नागिरीच्या नोंदणीची आमची गाडी जून २०१०मध्ये घेतलेली. पंधरा वर्षे पुरी झाली की खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. मागच्या काचेवर पंधरा वर्षांपूर्वी लावलेली काळी फिल्म होती. आता तिला काळी म्हणणे म्हणजे केवळ परंपरा पाळणे. तिचा रंग पिकल्या जांभळासारखा झाला होता, जागोजाग फुगे आले होते, आणि रात्री मागून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या फुग्यांतून फुटके दिसत. बाजूच्या चार काचांवरील फिल्म आम्ही २०१२मध्येच काढली होती. मागची का राहिली, हे पुढे येईलच.

ही फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. पॉलिएस्टरचा हा प्रकार व्हिनफील्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली सिद्ध केला. खिडकीच्या काचेवर ऊन अडवणारा पापुद्रा चिकटवण्याचे पेटंट अमेरिकेतील थ्रीएम कंपनीला १९६६मध्ये मिळाले. स्वस्त फिल्मचा काळेपणा हा निव्वळ रंग असतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्यातली काही रंगद्रव्ये आधी मरतात, काही टिकतात. म्हणून ती जांभळी पडते. मागोमाग गोंद सुटतो आणि फुगे येतात. कोकणातले ऊन आणि दमट हवा या दोहोंपुढे ती किती टिकणार?

परंतु वस्तू नवी असली तरी तिच्यामागची इच्छा जुनी आहे. स्वतः न दिसता पाहता यावे, ही ती इच्छा. 'पडदा' हा शब्द फारसीतून आला, तसाच 'गोषा'ही. फारसीत 'गोशा' म्हणजे कोपरा. मोठ्या मराठा घराण्यांतील स्त्रिया गोषात असत. शेतात राबणाऱ्या कुणबिणीला गोषा परवडणारा नव्हता. गोषातल्या स्त्रीने घराबाहेर पडायचे तर मेण्यातून, म्हणजे चहूकडून झाकलेल्या पालखीतून. पुढे संस्थानिकांकडे मोटारी आल्या तेव्हा राणीवशाच्या मोटारींना पडदे लागले. म्हणजे वाहनातला आडोसा हा आपल्याकडे मुळात स्त्रीवर घातलेला निर्बंध होता, आणि त्याच वेळी तो तिच्या घराण्याच्या प्रतिष्ठेचा फलकही होता. आत कोण आहे हे दिसत नाही. पण आत कोणीतरी मोठे आहे, हे सर्वांना दिसते. काळ्या काचेचे सारे व्याकरण या एका विरोधाभासात आहे.

रत्नागिरीकरांना या व्याकरणाचा उलटा प्रयोगही माहीत आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६मध्ये येथे आणून ठेवले. १९१६मध्ये तो येथेच वारला. १९१०मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या राजवाड्याच्या खिडक्यांवर अर्धवर्तुळाकार रंगीत काचा आहेत, आणि दुपारच्या उन्हात त्यांचे रंग आतल्या जमिनीवर उतरतात. मंडालेत ज्याच्याकडे प्रजेने मान वर करून पाहू नये, असा हा राजा येथे मात्र पहाऱ्यातला कैदी होता. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या कादंबरीतला थिबा टेकडीवरून दुर्बिणीने बंदरातली गलबते न्याहाळत राहतो. ज्याच्यावर सरकारची अखंड नजर आहे त्याने दुसऱ्यांवर नजर ठेवावी, ही कल्पना आम्हांला कादंबरीतल्या कितीतरी प्रसंगांपेक्षा जवळची वाटते. असो.

स्वातंत्र्यानंतर पडदे मागे पडले, पण तो फलक गेला नाही. १९८३च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली, १९९४मध्ये टाटा सुमो आली, आणि मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली तशी काळी काचही आली. ॲक्सेसरीजच्या दुकानात तिला 'सन कंट्रोल' म्हणत. हेतू उन्हाचा, निदान नाव तरी उन्हाचे. प्रत्यक्षात पांढरी सुमो आणि काळ्या काचा हा पुढाऱ्याचा गणवेश झाला. मेण्यातली बाई गेली आणि तिच्या जागी दाढीवाले कार्यकर्ते बसले, इतकाच काय तो फरक. आडोसा लादलेला होता तो विकतचा झाला, बाईचा होता तो पुरुषाचा झाला. या स्थित्यंतराकडे आपल्या समाजेतिहासाने पुरेसे पाहिलेले नाही, असे आम्हांला वाटते.

मग न्यायालय आले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० सांगतो की पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला आणि ४ मेपासून कोणत्याही टक्केवारीची फिल्म काचेवर चिकटवण्यास मनाई केली. काळ्या काचांआड होणारे गुन्हे, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचार, हा याचिकेचा आधार होता. साहित्याच्या अभ्यासकाने हा निर्णय वाचावा तो मात्र त्यातील अर्थनिर्णयनासाठी. नियम बोलतो तो काचेविषयी, कारखान्यात घडलेल्या काचेविषयी. चिकटवलेला पापुद्रा म्हणजे काच नव्हे, म्हणून त्यातून किती प्रकाश जातो हा प्रश्नच उद्भवत नाही. सारा निवाडा एका नामाच्या व्याप्तीवर उभा आहे. पुढे नियमातले ते नामच बदलले. १ एप्रिल २०२१पासून 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' आले, आतून प्लास्टिकचा थर असलेली काच त्यात सामावली, आणि सप्टेंबर २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ठरलेल्या टक्केवारीत बसणाऱ्या फिल्मला मोकळीक दिली. एका शब्दाने घालवलेली वस्तू दुसऱ्या शब्दाने परत आणली. आमच्या जांभळ्या फिल्मला अर्थातच यातला कोणताही शब्द वाचवू शकला नसता.

२०१२च्या निर्णयाने झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना सूट ठेवली होती. त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत ज्या बसमध्ये तो भीषण अत्याचार घडला, तिच्या काचा काळ्या होत्या आणि आत पडदे होते. निर्णयाला तेव्हा साडेसात महिने झाले होते.

त्या निर्णयाच्या बाजूने आम्ही तेव्हाही होतो, आजही आहोत. तरीही मागची काच तशीच राहिली. त्या उन्हाळ्यात आमच्या आईंना (आमच्यापैकी एकीच्या सासूबाई) उपचारांसाठी दर तीन आठवड्यांनी कोल्हापूरला न्यावे लागे. हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट. सुमारे १३० किलोमीटर. आदल्या दिवशी दुपारी निघायचो, त्यामुळे ऊन मागून येई आणि मागच्या आसनावर टेकलेल्या आईंच्या मानेवर पडे. केस गेले होते. डोक्याला बांधलेला रुमाल घाटातल्या वळणांवर सरके आणि मागच्या गाडीतली माणसे पाहत. बाजूच्या काचांची फिल्म अंगणात काढत होतो तेव्हा त्या ओटीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मागची ठेवा रे तेवढी." जन्मभर एसटीने फिरलेली, डोक्यावर पदर घ्यायलाही कधी न मानलेली बाई. त्यांनी आमच्याकडे दुसरे काहीच कधी मागितले नव्हते.

त्या २०१३मध्ये गेल्या. पुढे बारा वर्षे आम्ही ती फिल्म काढली नाही. एकदा शंभर रुपये दंड भरला, पावती घेतली, आणि विद्यार्थ्यांना कायद्याचे राज्य शिकवत राहिलो. त्याला समर्थन नाही. गोषा स्त्रीला कोंडतो, काळी काच गुन्ह्याला झाकते, हे सगळे खरे मानूनही आजारी माणसाला लागणारा आडोसा उरतोच. त्याला झेड सुरक्षेसारखी सूट कोणत्या नियमात बसवायची, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

फिल्म काढण्याचे काम दिसते त्याहून चेंगट निघाले. मागच्या काचेच्या आतल्या बाजूस दव उडवणाऱ्या तापतारांच्या तांबूस रेषा असतात. ब्लेड लावले तर त्या तुटतात. म्हणून काचेला बाहेरून साबणाचे पाणी मारून काळी प्लास्टिकची पिशवी चिकटवली, आतून फिल्मवर पाणी फवारले आणि गाडी दोन तास उन्हात ठेवली. गोंद मऊ झाल्यावर वरचा एक कोपरा नखाने सोडवला आणि रेषांच्याच दिशेने, आडवा, अगदी सावकाश ओढला. घाई केली की पापुद्रा फाटतो, रंगाचा थर हातात येतो आणि गोंद काचेवर राहतो. आमचा तीनदा फाटला. उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने आणि बोथट प्लास्टिकच्या पट्टीने निघाला. त्याला पुढचा अख्खा दिवस गेला. बोटांच्या पेरांना काच पडला तो निराळाच.

चौथ्या दिवशी गाडी तपासणीला नेली. तेथील गृहस्थांनी चासी क्रमांकाची पेन्सिलने छाप घेतली, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवायला सांगितला. मागच्या काचेकडे त्यांचे लक्ष गेले नाही. परतताना आरशात पहिल्यांदाच सगळा रस्ता स्वच्छ दिसला, आणि त्याच्या खाली मागचे रिकामे आसन.