दगडी इमारतींतील ओल

दगडी इमारतींतील ओल म्हणजे जुन्या दगडी बांधकामाच्या भिंतींत, जोत्यात किंवा फरशीखाली मुरून राहिलेले आणि सहज न सुकणारे पाणी होय. गिलाव्याचे पोपडे सुटणे, भिंतीवर पांढरी भुकटी दिसणे, कुबट वास, शेवाळ आणि लाकडी तुळयांची टोके कुजणे ही तिची नेहमीची लक्षणे आहेत. महाराष्ट्र, कोकण व गोवा येथील वाडे, देवळे, चर्च आणि किल्ल्यांवरील इमारती यांच्या जतनात ओलीचा प्रश्न प्रमुख मानला जातो.

ओल येण्याचे मार्ग

जमिनीतील पाणी दगड व दर्जांतील सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते. अशी ओल बहुधा जमिनीपासून एक ते दीड मीटरपर्यंतच आढळते. म्हणून भिंतीच्या वरच्या भागातील डागांचे कारण छपरात, पन्हळीत किंवा फुटलेल्या दर्जांत शोधावे लागते. दख्खनचा काळा पाषाण घट्ट असल्याने त्यातून पाणी फारसे झिरपत नाही, ते दर्जांतून शिरते. जुन्या जाड भिंतींत दोन दर्शनी थरांच्या मध्ये दगडगोटे व चुन्याची भर असते; तिथे पोहोचलेले पाणी दीर्घकाळ टिकते. कोकणातील जांभा मात्र स्वतःच सच्छिद्र असतो. याशिवाय पावसाळ्यात बाहेरची दमट हवा आतील थंड दगडाला लागून तिचे दवबिंदू होतात. पाऊस नसतानाही भिंतीला घाम फुटल्यासारखा दिसतो तो यामुळे.

लोणा

केवळ पाण्यापेक्षा पाण्यातील क्षार अधिक हानी करतात. पाणी सुकते त्या जागी विरघळलेल्या क्षारांचे स्फटिक तयार होतात. ते पृष्ठभागावर आले तर पांढरा लोणा दिसतो व तो कोरड्या कुंचल्याने झाडता येतो. स्फटिक दगडाच्या आत वाढले तर त्यांच्या दाबाने पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. लोणा पाण्याने धुण्याची सवय सर्वत्र आढळते. त्यामुळे क्षार पुन्हा विरघळून आतच जातात.

सिमेंटची दुरुस्ती

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्याचा दर्जा आणि गिलावा आत आलेले पाणी वाफेच्या रूपाने बाहेर जाऊ देतो. भिंत ओली होते, पण सुकतेही. विसाव्या शतकात दुरुस्तीसाठी सिमेंटचा वापर सरसकट होऊ लागला. सिमेंटचा गिलावा कडक व दाट असल्याने पाणी आत अडकते आणि ओल कमी होण्याऐवजी आणखी वर चढते. दर्जा सिमेंटने भरल्यास पाण्याला शेजारच्या दगडातूनच बाहेर पडावे लागते. मग दगड झिजत जातो आणि सिमेंटच्या रेषा तेवढ्या पुढे आलेल्या दिसतात. अनेक जीर्णोद्धारित देवळांच्या ओवऱ्यांत हे दृश्य पाहायला मिळते. प्लास्टिक रंग किंवा जलरोधक लेप यांचा परिणामही फारसा वेगळा नसतो.

बॉम जेझू बॅसिलिका

गिलाव्याचे महत्त्व जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेवरून कळते. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव अवशेष असलेले हे चर्च १५९४ ते १६०५ या काळात प्रामुख्याने जांभ्यात बांधले गेले. १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्च व मठांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत ते आहे. मूळच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९५०च्या दशकात, तो काढण्यात आला आणि तांबूस जांभा उघडा पडला. आज पर्यटकांना हेच रूप मूळचे वाटते. जांभ्यातील मऊ मातकट अंश पावसाने धुपून दगडात पोकळ्या पडतात, आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. गिलावा पुन्हा करावा अशी मागणी झाली आहे. परिचित रूप बदलेल म्हणून तिला विरोधही आहे. रस्त्यापलीकडील से कॅथेड्रल आजही पांढऱ्या गिलाव्यात आहे. गोव्यात पावसाळा संपल्यावर चर्चना चुन्याची सफेदी देण्याची रीत होती. ती शोभेपुरती नव्हती.

उपाय

उपचारापूर्वी कारण निश्चित करणे आवश्यक असते व त्यासाठी भिंतीचे निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा निरीक्षण करावे लागते. विजेच्या वहनावर चालणारे ओलमापक क्षारांमुळेही जास्त आकडा दाखवतात, त्यामुळे त्यांवर एकट्याने विसंबता येत नाही. पुष्कळदा साधी कामे पुरेशी ठरतात: पन्हळी साफ करणे, वर्षानुवर्षांच्या भरावामुळे जोत्याच्या वर आलेली बाहेरची जमीन खाली उतरवणे, पाण्याला भिंतीपासून दूर उतार देणे, पिंपळाची रोपे मुळासकट काढणे, बंद केलेले झरोके उघडणे. कोकणात पावसाच्या माऱ्याकडील भिंतींना माडाच्या झापांचा आडोसा करीत, त्यामागचा विचारही हाच.

त्यानंतर सिमेंट जपून काढून दर्जा चुन्याने भरतात. क्षार अधिक असल्यास चुन्याचा कच्चा गिलावा देतात; तो क्षार शोषून स्वतः खराब होतो व काही काळाने काढून टाकला जातो. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होत असल्याने ही कामे भर पावसात किंवा कडक उन्हात करीत नाहीत. ओलीचे मूळ बंद झाल्यावरही भिंत लगेच सुकत नाही. दर इंच जाडीला सुमारे एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे दोन फुटांच्या भिंतीला दोन वर्षे लागू शकतात, आणि तोपर्यंत तिच्यावर रंग देऊ नये.