टोपली नाकारावयाची नाही

संगणकवाले ज्याला ‘क्लाऊड’ म्हणतात, त्याचा आकाशाशी काही संबंध नाही. दूरच्या इमारतींत मांडलेली, भाड्याने मिळणारी हजारो यंत्रे, एवढाच त्याचा अर्थ. अशा यंत्रांवर उभारलेले नोंदींचे कोठार वेगवान, सदैव उघडे आणि वर स्वस्तही कसे ठेवावे, या प्रश्नाचा इतिहास एका दुकानापासून पाहता येतो.

२००४ च्या डिसेंबरात, नाताळच्या ऐन खरेदीत, अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीची कोठारे गर्दीपुढे अडली. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या कोष्टकांच्या तत्त्वावर ती चालत. त्यांना महागडी यंत्रे लागत, तज्ज्ञ माणसे लागत. अभियंत्यांनी वापर तपासला तेव्हा दिसले की, सुमारे ७० टक्के वेळा एका खुणेवरून एकच नोंद काढावयाची असते. एका कागदासाठी अख्खी कचेरी राबत होती!

त्यातून ‘डायनॅमो’ निघाले. त्याचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक नोंद बहुधा तीन यंत्रांवर ठेवीत. दोघांचा होकार आला की काम झाले. एखादे यंत्र बंद पडले तर दुसरे त्याची नोंद सांभाळी, बंद घराचे टपाल शेजाऱ्याने घ्यावे तसे. वेगाचे माप सरासरीने घेतले नाही, हे मला विशेष वाटते. हजारातील ९९९ मागण्या वेळेत पुऱ्या व्हाव्यात, असा दंडक होता. कारण सरासरीच्या आड ज्यांचे हाल लपतात ती बहुधा जुनी, मोठ्या खात्यांची गिऱ्हाइकेच असतात.

पण यंत्रांमधला दुवा तुटला म्हणजे काय? सर्व प्रती एकसारख्या ठेवणे आणि प्रत्येक मागणीला उत्तर देणे, ही दोन्ही व्रते तेव्हा एकदम पाळता येत नाहीत. एरिक ब्रूअर यांनी २००० साली हे सांगितले, २००२ साली ते गणिताने सिद्ध झाले. डायनॅमोने उत्तर देणे निवडले. टोपलीत वस्तू टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणावयाचे नाही. मग काढून टाकलेली वस्तू क्वचित टोपलीत पुन्हा उगवली तरी चालेल! मर्यादा गणिताची, निवड मात्र वाण्याची. पेढीवाल्याने ती केली नसती.

विसंगत प्रती जुळविण्याचा भार मात्र कार्यक्रम लिहिणाऱ्यांवर पडला, आणि हे कोठार चालविणेही त्यांना जड जाई. म्हणून २०१२ साली कंपनीने ‘डायनॅमोडीबी’ ही भाड्याची सेवा काढली. तीत प्रतींपैकी एक प्रमुख असते आणि लेखन तिच्याच हातून होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हर्जिनियातील या सेवेचे पत्ते सांभाळणारी दोन स्वयंचलित कामे एकमेकांवर आदळली आणि पत्त्याची नोंद कोरी झाली. कोठार जागेवर होते. त्याचे दार कोठे, हेच काही तास कुणाला सापडेना.