दादर टीटी आणि मालवणची एसटी

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातलं कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी मुंबईला गेलं. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबलेल्या त्या पिढीने ट्राम पाहिली. 'दादर टीटी' आपण आजही सहज म्हणतो; त्यातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस.

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये. ट्राम चालवणाऱ्या बेस्ट कंपनीनेच १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सोडली. मोटारी वाढल्या तशी रुळाला बांधलेली ट्राम रस्त्यात अडसर ठरू लागली. बसला बाजूने वाट काढता येई. एकेक मार्ग बंद होत ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. रूळ डांबराखाली गेले आणि त्या रस्त्यांवर बसच उरली.

बस आल्यावरही ३८ वर्षं ट्राम चालू होती. आमच्या संगणक क्षेत्रातही नवी व्यवस्था नीट चालेपर्यंत जुनी बंद करत नाहीत. या बदलात मला हेच मोलाचं वाटतं.

मालवणला रेल्वे नाही. कोकण रेल्वे मुंबईहून थेट कुडाळला आणते. पुढचे सुमारे ३० किलोमीटर रस्त्याचे. गाडीच्या वेळेला एसटी उभी नसेल, तर रेल्वे आपल्यापर्यंत पोचली असं कसं म्हणायचं? नवं साधन आलं, तरी माणूस घरी पोचेपर्यंत जुन्याची गरज संपत नाही.