गिरणगावच्या खानावळी आणि उधारीची वही

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा बँकेच्या आठवणी लिहाव्यात असा विचार होता. पण आपल्या सोसायटीत लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड इकडून ठाण्याला आलेली पंधरा-वीस तरी घरं आहेत. त्यांची नातवंडं हल्ली हॉटेलात जाऊन ‘मालवणी थाळी’ मागवतात. त्या थाळीचा मुंबईतला इतिहास एका खोलीतल्या स्टोव्हपाशी सुरू होतो, आणि त्यात हिशेबाचा भागही बराच आहे. म्हणून हा विषय घेतला.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडून माणसं आली. बायकामुलं गावाला आणि हा इथे एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर. पाळीप्रमाणे झोपायचं. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. अशा खोलीत चूल मांडणार कोण? तेव्हा चाळीतल्याच एखाद्या बाईकडे ‘मेंबर’ म्हणून नाव घालायचं. बाईचा नवरा कधी गिरणीत, कधी आजारी, कधी नव्हताच. दहा बाय बाराच्या खोलीत ती पंधरा-वीस मेंबरांचं दोन वेळचं रांधायची.

मेंबर कोकणातले असतील तर भात आणि माशाचं कालवण, नाहीतर कुळथाची पिठी. बांगडा असला की तिरफळ घातलेलं तिखलं. घाटावरचे असतील तर भाकरी, झुणका, आमटी, खरडा. रविवारी मटण, आणि श्रावणात सगळं बंद. खरी परीक्षा मसाल्याची. उन्हाळ्यात मिरच्या आणून, गच्चीवर वाळवून, भाजून लालबागच्या डंकावर कुटायला न्यायच्या. वर्षभराचा मसाला बरणीत दाबून भरायचा आणि वर हिंगाचा खडा ठेवायचा, म्हणजे कीड लागत नाही. तो कुटताना शिंका येत नाहीत असा लालबागकर मी पाहिलेला नाही.

चहाला कोपऱ्यावरचा इराणी. ब्रुन-मस्का आणि ‘पानी कम’. (दारूबंदी असूनही दारूचीही सोय होती, पण स्मरणिका घरात सगळे वाचतात, तेव्हा ते राहू दे.)

आता हिशेब. गिरणीचा पगार महिन्याने. म्हणजे मेंबर महिनाभर आधी जेवणार, पैसे नंतर देणार. बाईला मात्र तांदूळ, तेल, रॉकेल आजच लागणार. वाण्याकडची उधारी भागली नाही की सावकार, नाहीतर मंगळसूत्र गहाण. मी १९७३ साली बँकेत लागलो आणि पहिली काही वर्षं त्याच भागातल्या शाखेत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही काउंटरमागे बसून ज्याला ‘खेळतं भांडवल’ म्हणायचो, ते या बायका स्वतःच्या अंगावर पुरवत होत्या. गिरणगावाला महिनाभर बिनव्याजी जेवू घालणारी ती बँकच होती. फरक एवढाच की तिला कोणी कर्ज देत नव्हतं, कारण तारण नाही.

१९७४ च्या संपात गिरण्या ४२ दिवस बंद होत्या. पगार नाही, पण मेंबरांना जेवायला नको कसं म्हणणार? बायकांनी वाढलं आणि स्वतः कर्जात गेल्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या कामगार कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी ४ टक्के व्याजाची योजना होतीच, पण अर्ज भरायला माणूस दारापर्यंत यावा लागतो. तो या बायकांच्या रूपाने आला. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरात येतात. मला विचाराल तर खानावळवालीचं नाव त्यांच्याच ओळीत यायला हवं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मेंबर गावी गेले, काही परतलेच नाहीत. कोणी वडापावची गाडी लावली, कोणी पोळीभाजी केंद्र काढलं. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि बड्या हॉटेलांची रांग आहे.

आपल्या ‘बी’ विंगमधल्या एका आजींची काळाचौकीला खानावळ होती. त्यांच्याकडची १९८१-८२ ची वही मी पाहिली. मेंबरांची नावं, खाडे, येणं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. फेब्रुवारी ते मे ‘जमा’चा रकाना कोरा आहे, पण जेवणाच्या नोंदी रोजच्या रोज आहेत. नऊ जणांकडचं येणं राहिलं. पुढे तिघांनी गावाहून मनीऑर्डर केली. उरलेल्यांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “अरे, देणार कुठून? त्यांच्याकडेच नव्हतं तर.” वही टाकून का दिली नाही, ते मी विचारलं नाही.

आजी दर मे महिन्यात सुनेला घेऊन लालबागला मसाला कुटायला जातात. ज्यांना हवा असेल त्यांनी एप्रिलअखेर त्यांच्याकडे नाव द्यावं. मिरचीचे पैसे मात्र आगाऊ, असं त्यांनी बजावून सांगितलं आहे.