स्मशान नव्हे, माळा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे. त्याचं उपग्रहचित्र उघडा आणि थोडं आग्नेयेकडे सरका. खेळणी ओळीने मांडून ठेवावीत तशी हजारो विमानं दिसतील. हा डेव्हिस-मॉन्थन हवाई तळ. सगळे याला 'विमानांचं स्मशान' म्हणतात. मला हा शब्द पटत नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेकडे नको इतकी विमानं उरली. बरीचशी वितळवली गेली, पण काही बी-२९ आणि सी-४७ पुढेमागे लागतील म्हणून १९४६ मध्ये इथे आणून ठेवली. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं 'एनोला गे'सुद्धा काही काळ इथेच उभं होतं. आणि विमानं खरंच लागली. कोरियाचं युद्ध पेटल्यावर ठेवणीतली बी-२९ पुन्हा बाहेर काढावी लागली.

पण हीच जागा का? (धातूंचं क्षरण हा माझा पीएच.डी.चा विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.) ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो, तेच त्याचं चिलखत. ओलावा आणि क्लोराइडसारखे क्षार एकत्र आले की त्या चिलखताला बारीक भोकं पडतात. त्यात ॲल्युमिनियमला पोलादी बोल्ट टेकलेला असेल तर चक्क एक छोटी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. टूसॉनला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे बॅटरीला लागणारं पाणीच नाही! मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हे जमलं नसतं. शिवाय इथल्या मातीत कॅलिशे नावाचा चुनखडीसारखा कडक थर आहे, त्यामुळे काँक्रीट न ओतताही अवजड विमानं उभी राहतात.

अर्थात नुसतं आणून उभं केलं की झालं, असं नाही. विमान धुतात, इंधन काढून नळ्यांमधून हलकं तेल फिरवतात, फटी बुजवतात आणि वरून सोलून काढता येईल असा पांढरा लेप देतात, म्हणजे उन्हात आतली भट्टी होत नाही. 'घोस्ट रायडर' नावाचं बी-५२ इथे २००८ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये पुन्हा उडालं. म्हणून म्हणते, हा आपल्या घरातला माळा आहे.

माळ्यावरची वस्तू कधीही खाली काढता येते, आणि शत्रूला धास्ती असते ती नेमकी त्याचीच. १९९१ च्या स्टार्ट करारानंतर ३६५ बी-५२ मोडायची ठरली, तेव्हा 'आम्ही ती वापरणार नाही' एवढं लिहून देणं पुरेसं नव्हतं. क्रेनने सुमारे ६ टनांचं पातं वर उचलायचं आणि विमानावर सोडायचं. पंख आणि शेपटी वेगळी झाली की तुकडे ९० दिवस तसेच उघड्यावर ठेवायचे, रशियन उपग्रहांना वरून मोजता यावेत म्हणून. इतकी वर्षं जपलेला धातू, आणि आता त्याचं मोडलेपण दाखवणं हेच काम! शेवटच्या बी-५२जीची शेपटी कापली गेली डिसेंबर २०१३ मध्ये. पात्याने नव्हे, करवतीने.