फॉलो-ऑन : हक्क आणि विवेक

क्रिकेटच्या खेळांत कर्णधाराला पुष्कळ निर्णय क्षणार्धांत घ्यावे लागतात. कोणत्या गोलंदाजाच्या हातीं चेंडू द्यावा, कोणता खेळाडू कोठें उभा करावा, हें ठरवितांना विचार करावयास फारशी सवड नसते; आणि चूक झालीच, तर ती पुढच्या षटकांत सुधारतांही येते. परंतु एक निर्णय असा आहे कीं, तो एकदांच घ्यावयाचा असतो आणि घेतल्यावर फिरवितां येत नाहीं. प्रतिपक्षाचा पहिला डाव थोड्या धांवांत आटोपला असतां त्याला लागलीच दुसरा डाव खेळावयास लावावें, कीं स्वतः फलंदाजी करून आघाडी वाढवावी, हा तो निर्णय होय. क्रिकेटच्या परिभाषेंत याला फॉलो-ऑन देणें किंवा न देणें म्हणतात.

नियम असा आहे. पांच दिवसांच्या कसोटी सामन्यांत पहिल्यानें फलंदाजी करणाऱ्या संघाला पहिल्या डावावर २०० किंवा अधिक धांवांची आघाडी मिळाली, तर त्याच्या कर्णधारास हा हक्क पोहोंचतो. तीन किंवा चार दिवसांच्या सामन्यांत हीच मर्यादा १५० धांवांची आहे. हक्क बजावला, तर वेळ वांचतो, प्रतिपक्षाच्या मनावरचें दडपण कायम राहतें आणि पुष्कळदां आपल्याला पुन्हां फलंदाजीच करावी लागत नाहीं. न बजावला, तर आपल्या गोलंदाजांना विसावा मिळतो आणि जीर्ण झालेल्या खेळपट्टीवर चौथा डाव खेळण्याची पाळी प्रतिपक्षावर येते. दोन्ही पारड्यांत सारखेंच वजन आहे असें सकृद्दर्शनीं वाटतें. कोणतें पारडें केव्हां जड होतें, हें मात्र नियमांच्या पुस्तकावरून कळत नाहीं; त्यासाठीं या हक्काचा इतिहासच पाहिला पाहिजे.

आरंभीं हा हक्क नव्हताच. ती सक्ति होती. १८३५ सालच्या नियमांत १०० धांवांनीं मागें पडलेल्या संघानें लागोपाठ दुसरा डाव खेळलाच पाहिजे असें ठरविलें होतें. १८५४ सालीं ही मर्यादा ८० धांवांवर आणण्यांत आली. दुर्बळ संघाशीं चाललेला सामना उगाच रेंगाळूं नये, एवढाच सरळ हेतु यामागें दिसतो. कर्णधाराला कोणी विचारीत नव्हतें आणि म्हणून कर्णधाराला कोणी दोषही देत नव्हतें.

परंतु शिक्षा म्हणून केलेला नियम कधीं कधीं शिक्षा करणारालाच जाचतो. १८९३ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांचा सामना चालला होता. ऑक्सफर्डचा पहिला डाव संपत आला होता आणि फॉलो-ऑन टळण्यास थोड्याच धांवा कमी होत्या. ऑक्सफर्डलाच तो फॉलो-ऑन हवा होता आणि केंब्रिजला तो नको होता. तेव्हां केंब्रिजच्या वेल्स नांवाच्या गोलंदाजानें चेंडू मुद्दाम फलंदाजाच्या आवांक्याबाहेर टाकून सीमेपार जाऊं दिले आणि प्रतिपक्षाला धांवांचें दान केलें. ज्याला शिक्षा व्हावयाची तो ती मागत आहे, आणि ज्यानें ती करावयाची तो पदरच्या धांवा देऊन ती टाळीत आहे, असा हा विपरीत देखावा होता. पुढच्याच वर्षीं मर्यादा ८० वरून १२० वर नेण्यांत आली. सक्ति मात्र कायम राहिली.

या सक्तीचा खरा प्रताप त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सिडनी येथें दिसला. ऑस्ट्रेलियांत त्या काळीं कसोटी सामने निकाल लागेपर्यंत चालत. ग्रेगरीच्या २०१ व गिफनच्या १६१ धांवांच्या जोरावर ऑस्ट्रेलियानें ५८६ धांवा केल्या. इंग्लंडचा डाव ३२५ वर संपला. २६१ धांवांनीं मागें पडलेल्या इंग्लंडला नियमानेंच पुन्हां मैदानांत उतरविलें. वॉर्डनें ११७ धांवा काढल्या आणि इंग्लंडचा दुसरा डाव ४३७ पर्यंत लांबला. ऑस्ट्रेलियाला जिंकण्यास १७७ धांवा हव्या होत्या. पांचव्या दिवसाच्या अखेरीस २ गडी बाद ११३ अशी त्याची स्थिति होती. म्हणजे आठ गडी हातीं असून ६४ धांवांचेंच काम उरलें होतें. रात्रीं जोराचा पाऊस झाला. खेळपट्टी झांकून ठेवण्याचा प्रघात त्या काळीं नव्हता. सकाळच्या उन्हांत ओली खेळपट्टी वाळूं लागली आणि तिच्यावरून चेंडू वाटेल तसा उसळूं लागला. पील या गोलंदाजानें ६७ धांवांत ६ गडी बाद केले, ऑस्ट्रेलियाचा डाव १६६ वर कोसळला आणि इंग्लंडनें १० धांवांनीं सामना जिंकला. फॉलो-ऑन घेऊन कसोटी सामना जिंकण्याचा हा पहिला प्रसंग. बिघडलेल्या खेळपट्टीवर चौथा डाव खेळण्याची आपत्ति बलवत्तर संघावर आली होती, आणि ती त्याच्या कर्णधारानें नव्हे, तर नियमानें आणली होती.

दोन वर्षांनीं, १८९६ सालीं, लॉर्ड्सवर पुन्हां तोच खेळ झाला. केंब्रिजचा कर्णधार मिचेल याच्या अनुमतीनें शाइन या गोलंदाजानें तीन चेंडू सीमेपार जाऊं देऊन ऑक्सफर्डला बारा धांवा बहाल केल्या व फॉलो-ऑन टाळविला. सज्जांत बसलेल्या वृद्ध सभासदांनींसुद्धां उघड निषेधाचे आवाज काढले. पुढें ऑक्सफर्डला चौथ्या डावांत ३३० धांवा करावयाच्या होत्या. स्मिथच्या १३२ धांवांच्या बळावर त्यांनीं त्या चार गडी राखून केल्या. मिचेलची युक्ति गेली आणि अपकीर्ति तेवढी राहिली. तथापि या सामन्यामुळें एक गोष्ट सर्वांना पटली. ज्याला नको आहे त्याच्यावर हक्क लादण्यांत अर्थ नाहीं. अखेर १९०० सालीं नियम बदलला. तीन दिवसांच्या सामन्याकरितां मर्यादा १५० धांवांची झाली आणि फॉलो-ऑन द्यावा कीं न द्यावा, हें आघाडीवर असलेल्या कर्णधाराच्या इच्छेवर सोंपविण्यांत आलें.

इच्छेबरोबर जबाबदारीही आली. आतां कर्णधारानें पाहावें काय? आघाडी केवढी आहे, हें पहिलें. आघाडी डोंगराएवढी असेल, तर प्रतिपक्षांतील एखादा वीर कितीही झुंजला तरी भय नसतें. १९४३ सालीं मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत हिंदु संघानें मर्चंटच्या नाबाद २५० धांवांच्या साहाय्यानें ५ गडी बाद ५८१ धांवांवर डाव सोडला आणि 'रेस्ट' संघाला १३३ धांवांत गुंडाळून फॉलो-ऑन दिला. सांगलीच्या विजय हजारेनें त्या दुसऱ्या डावांत एकट्यानें ३०९ धांवा काढल्या. बंधु विवेक याच्याबरोबर त्यानें ३०० धांवांची भागीदारी केली. त्यांत विवेकच्या धांवा २१ होत्या! तरीही संघाचा डाव ३८७ वर संपला आणि हिंदु संघ एक डाव व ६१ धांवांनीं विजयी झाला. ४४८ धांवांच्या ऋणांतून मुक्त होणें एकट्याच्या पराक्रमाला शक्य नव्हतें.

परंतु आघाडी २००-२५० धांवांची असली, म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. तेथें आकाश, खेळपट्टी, उरलेले दिवस आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आपल्या गोलंदाजांचे खांदे, या चार गोष्टी तोलाव्या लागतात. १९५० च्या जानेवारींत डर्बन येथें दक्षिण आफ्रिकेनें ३११ धांवा केल्या आणि टेफील्डनें २३ धांवांत ७ गडी बाद करून ऑस्ट्रेलियाला अवघ्या ७५ धांवांत बाद केलें. आघाडी २३६ धांवांची. गोलंदाज दमलेले नव्हते. पंचाहत्तर धांवांचा डाव तो किती वेळ चालणार! तरीही खेळपट्टी पुढें आणखी बिघडेल आणि तिच्यावर चौथा डाव ऑस्ट्रेलियानें खेळावा, असा हिशेब करून कर्णधार नोर्स यानें फॉलो-ऑन दिला नाहीं. ज्या खेळपट्टीची धास्ती प्रतिपक्षाला घालावयाची, तिच्यावर आधीं त्याच्याच फलंदाजांना उतरावें लागलें. दक्षिण आफ्रिकेचा दुसरा डाव ९९ धांवांत संपला. ऑस्ट्रेलियाला ३३६ धांवा हव्या होत्या. एकवीस वर्षांच्या नील हार्वे या डावखुऱ्या तरुणानें नाबाद १५१ धांवा काढल्या आणि ऑस्ट्रेलियानें पांच गडी राखून सामना जिंकला. शत्रु पळत असतां घोडदळाला विसावा द्यावा आणि तेवढ्यांत त्यानें सांवरून उलट चाल करावी, तसा हा प्रकार झाला.

हक्क बजावण्यापूर्वीं तो आपल्याला आहे, हें तरी ठाऊक असावें लागतें. १९७१ च्या फेब्रुवारींत किंग्स्टन येथें भारत व वेस्ट इंडीज यांच्या सामन्याचा पहिला दिवस पावसानें पूर्ण वाया गेला. मडगांवांत जन्मलेल्या दिलीप सरदेसाईनें २१२ धांवा काढून भारताला ३८७ पर्यंत नेलें आणि वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर आटोपला. आघाडी १७० धांवांची, म्हणजे दोनशेंच्या आंत. परंतु पहिला दिवसच गेल्यामुळें नियमाप्रमाणें सामना चार दिवसांचा ठरत होता आणि दीडशेंची मर्यादा लागू होत होती. मुंबईकर कर्णधार अजित वाडेकरनें हें कलम ध्यानांत ठेवलें होतें. त्यानें प्रतिपक्षाच्या तंबूंत जाऊन सोबर्सला फॉलो-ऑन दिल्याचें सांगितलें, तेव्हां तेथें सर्वांना आश्चर्य वाटलें. कान्हायच्या नाबाद १५८ धांवांमुळें सामना अनिर्णित राहिला. निकालाच्या दृष्टीनें पाहिलें, तर या निर्णयानें कांहींच पदरांत पडलें नाहीं. पण ज्या संघाला भारतानें तोंवर एकदांही हरविलें नव्हतें, त्याला पुन्हां फलंदाजीस उतरावें लागलें, ही गोष्ट दोन्ही संघांच्या मनावर ठसली. पुढच्याच सामन्यांत पोर्ट ऑफ स्पेन येथें भारतानें वेस्ट इंडीजवर पहिला विजय मिळविला आणि मालिकाही जिंकली.

बरोबर तीस वर्षांनीं कलकत्त्याला भारत उलट बाजूस उभा होता. २००१ च्या मार्चमध्यें ऑस्ट्रेलियाचा संघ लागोपाठ सोळा कसोटी सामने जिंकून ईडन गार्डन्सवर उतरला होता. त्यांतला सोळावा विजय त्यानें मुंबईंत तीन दिवसांत मिळविला होता. कलकत्त्यास ऑस्ट्रेलियाच्या ४४५ धांवांना उत्तर देतांना भारताचा डाव १७१ वर संपला. आघाडी २७४ धांवांची. भारताचे आठ गडी आदल्या सायंकाळींच बाद झाले होते. त्यामुळें गोलंदाजांना रात्रीची विश्रांति मिळाली होती आणि भारताचा सगळा डाव साठ षटकांच्या आंत आटोपला होता. अशा स्थितींत कर्णधार स्टीव वॉ यानें फॉलो-ऑन दिला. पुढें काय झालें, हें घरोघरीं ठाऊक आहे. लक्ष्मण व द्रविड या दोघांनीं ३७६ धांवांची भागीदारी केली. चौथा संपूर्ण दिवस एकही गडी न गमावतां ते खेळले. वॉनें नऊ गोलंदाज वापरून पाहिले. भारताचा डाव १७८ षटकें चालला. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, आणि ७ गडी बाद ६५७ धांवांवर गांगुलीनें डाव सोडला. शेवटच्या दिवशीं चहापानाच्या वेळीं ऑस्ट्रेलियाच्या ३ गडी बाद १६१ धांवा होत्या. तेथून डाव २१२ वर संपला. हरभजनसिंगनें ७३ धांवांत ६ गडी बाद केले आणि भारत १७१ धांवांनीं जिंकला.

या एका सामन्यानें कर्णधारांच्या मनांत फॉलो-ऑनविषयीं जी धास्ती उत्पन्न केली, ती पुष्कळ वर्षें टिकली. वस्तुतः फॉलो-ऑन घेऊन कसोटी सामना जिंकल्याचे प्रसंग अतिशय विरळ आहेत. सिडनीनंतर असा दुसरा प्रसंग यावयास १९८१ साल उजाडावें लागलें; त्या वर्षीं हेडिंग्ले येथें बोथमच्या नाबाद १४९ धांवा व विलिसचे ४३ धांवांतील ८ बळी यांमुळें इंग्लंडनें ऑस्ट्रेलियाला १८ धांवांनीं हरविलें. तिसरा प्रसंग कलकत्त्याचा. चौथा २०२३ सालचा वेलिंग्टनचा. तेथें न्यूझीलंडनें इंग्लंडवर अवघ्या एका धांवेनें मात केली. २०२३ पर्यंतच्या जवळजवळ दीडशें वर्षांत असे प्रसंग चारच. यावरून वॉचा निर्णय चुकला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्या सकाळीं जें दिसत होतें, त्यावरून तो बरोबरच होता. दोन फलंदाज दिवसभर बाद होणार नाहींत, हें कोणत्याही कर्णधाराच्या हिशेबांत बसणारें नव्हतें.

हा भेद ज्याला प्रत्यक्ष अनुभवानें कळला होता, तो राहुल द्रविड. इंदूरला मराठी कुटुंबांत जन्मलेला हा फलंदाज २००७ सालीं ओव्हलच्या मैदानावर भारताचा कर्णधार होता. भारताच्या ६६४ धांवांपुढें इंग्लंडचा डाव ३४५ वर संपला. आघाडी ३१९ धांवांची. तरीही द्रविडनें फॉलो-ऑन दिला नाहीं. भारताचा दुसरा डाव रखडला, स्वतः द्रविडनें ९६ चेंडूंत १२ धांवा काढल्या, आणि ५०० धांवांचें लक्ष्य समोर ठेवून इंग्लंडनें ६ गडी बाद ३६९ धांवा केल्या. सामना अनिर्णित राहिला. द्रविडवर भित्रेपणाचा आरोप झाला. परंतु मालिकेंत भारत १-० असा पुढें होता. त्याला हा सामना जिंकावयाचा नसून हरावयाचा नव्हता. शंभराहून अधिक षटकें टाकून गोलंदाज दमले होते. १९८६ नंतर इंग्लंडमध्यें भारताला मालिका मिळाली ती या सामन्याअंतीं.

नोर्सनें विसावा दिला तेव्हां त्याचे गोलंदाज ताजे होते. द्रविडनें दिला तेव्हां त्याचे गोलंदाज थकले होते. दोघांनीं हक्क सारखाच सोडला. विवेक मात्र एकाच्याच निर्णयांत होता. वॉनें हक्क बजावला आणि तो हरला. वाडेकरनें बजावला आणि त्याला विजय मिळाला नाहीं. तरी त्यांच्या निर्णयांत खोट काढतां येत नाहीं. प्रतिपक्ष किती दुबळा आहे, हें पाहून फॉलो-ऑन देणें सोपें असतें, कारण धांवफलक तें मोठ्या अक्षरांत सांगत असतो. आपल्या माणसांच्या अंगांत बळ किती उरलें आहे आणि आपल्याला या सामन्यांतून नेमकें काय हवें आहे, हें फलकावर लिहिलेलें नसतें. १९०० सालीं नियमकर्त्यांनीं सक्ति काढून इच्छा दिली, ती हें ओळखण्याचें काम कर्णधारावर सोंपविण्यासाठींच. त्यानें तें केलें कीं नाहीं, एवढ्यावरूनच त्याची पारख व्हावी. पुढें पाऊस पडला, कीं एखादा लक्ष्मण उभा राहिला, यावरून नव्हे.